मापात पाप: टूरिस्ट गाडीचे छोटे टायर आणि फुगलेलं बिल

आई-बाबांना घेऊन पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर असं देवदर्शन करून पुण्याला परत आलो. गाडी भाड्याची डिझायर. किलोमीटरला १४ रुपये, दिवसाला किमान ३०० किमी, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, असा नेहमीचाच करार. दोन दिवसांचं मीटरप्रमाणे बिल झालं ७८० किमीचं. फोनच्या नकाशात त्याच वाटेचं अंतर, जेवायला आणि पंपावर वळलो ते धरून, भरलं ७१८. म्हणजे ६२ किमीचे ८६८ रुपये आमच्याकडून न कापलेल्या रस्त्याचे घेतले.

मीटरला कुणी हात लावला नव्हता. गाडीला बसवलेले चारही टायर लहान होते, बस्स. पैसे उकळायची ही तऱ्हा फारशी कुणाला ठाऊक नसते, म्हणून सविस्तर लिहितोय.

परतीच्या वाटेवर इंदापूर मागे पडलं तेव्हा बाबांच्या लक्षात आलं. हायवेवरचे किलोमीटरचे दगड वाचत बसायची त्यांना जुनी सवय. म्हणाले, "अरे, हा मीटर दगडांच्या पुढे पळतोय." ड्रायव्हरला ट्रिप मीटर शून्य करायला सांगितलं आणि एका दगडापासून मोजायला सुरुवात केली. दहा किलोमीटरचे दगड झाले तेव्हा ट्रिप मीटरवर १०.९, वीस झाले तेव्हा २१.७. एखादा दगड सरकलेला असू शकतो, पण वीसच्या वीस दगड गाडीवाल्याच्या फायद्याचेच कसे सरकतील? वेगाचंही तेच. काटा ८० वर, फोनचा जीपीएस मात्र ७० - ७१ सांगत होता.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, सगळ्याच गाड्यांचे मीटर थोडे जास्त दाखवतात. कंपनीच तसं ठेवते."

या वाक्याला बहुतेक लोक गप्प बसतात, कारण त्यात अर्धं खरं आहे. वेगाचा काटा कंपन्या मुद्दामच थोडा पुढे ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन-नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलेलं चालतं, पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किमी, एवढंच. म्हणजे गाडी खरी ७० ने चालली असताना काटा ८० वर गेला, तरी तो या मर्यादेत बसतो. काट्यावर बोट ठेवून चोरी सिद्ध होत नाही ती यामुळे. किलोमीटरच्या आकड्याला मात्र अशी सवलत द्यायचं काही कारणच नाही. धडधाकट गाडीचा ओडोमीटर फार तर एक-दोन टक्के इकडेतिकडे असतो. भाडं आपण देतो ते किलोमीटरचं, त्यामुळे वाद घालायचा तो किलोमीटरवरच.

भिगवणला चहाला थांबलो तेव्हा ओल्या फडक्याने टायरच्या कडेवरचा चिखल पुसला. आकडे निघाले १६५/६५ आर १४, पुढे ७९. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर कंपनीचा हवेच्या दाबाचा स्टिकर दिसतो, त्यावर साइज छापली होती १६५/८० आर १४. डिकी उघडून स्टेपनी पाहिली, तर ती मूळ मापाचीच! कंपनीने दिलेली, बहुधा कधी न वापरलेली. ती काढून मागच्या चाकाशेजारी उभी केली, तर जवळजवळ पाच सेंटिमीटर उंच भरली. आईलासुद्धा लांबून फरक दिसला. फोटो तिथेच काढले.

हिशोब अवघड नाही. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे ते. तिसरा रिमचा व्यास, इंचात. १६५ चे ८० टक्के १३२ मिमी. वरखाली मिळून २६४, त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवले की मूळ चाकाचा व्यास ६१९.६ मिमी. बसवलेल्या टायरचा त्याच रीतीने ५७०.१. मूळ चाक एका किलोमीटरला साधारण ५१४ वेळा फिरतं, हे लहान चाक ५५८ वेळा. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो आणि ५१४ फेरे झाले की एक किलोमीटर पुढे सरकतो. चाक बदललंय हे त्याला कळायला मार्ग नाही. ६१९.६ ला ५७०.१ ने भागा, १.०८७ येतं. आम्ही दगडांवरून मोजलं ते इतकंच होतं.

"टायर झिजलेत, त्याचा फरक आहे," हेही ऐकवलं गेलं. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिमी खोल असते, कायद्याने चालते १.६ पर्यंत. पार गुळगुळीत होईस्तोवर झिजला तरी व्यास बारा-तेरा मिमीने कमी होतो, म्हणजे दोन टक्के. पावणेनऊ टक्के नाही.

एका फेरीचे आठ-नऊशे रुपये कुणी सोडूनही देईल. पण महिन्याला खरी ५,००० किमी चालणारी गाडी या टायरांवर ४३५ किमी जास्त दाखवते. १४ च्या दराने ते सहा हजार रुपये झाले, दर महिन्याला, आणि मालकाचं त्यात एक थेंब डिझेलसुद्धा जळत नाही. रिक्षा-टॅक्सीचा भाडं-मीटर तपासून सील होतो. टूरिस्ट गाडीच्या ओडोमीटरला तसं सील नसतं, तिथे सगळा भरवसा मालकावर.

मला जास्त राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. साइजपुढचा ७९ हा भाराचा आकडा आहे, म्हणजे एका टायरवर ४३७ किलो. मूळ टायरचा ८५ असतो, म्हणजे ५१५ किलो. पाच माणसं, डिकीत बॅगा, उन्हात तापलेला रस्ता, आणि टायर हलक्या दर्जाचे. गाडी अडीच सेंटिमीटर खाली बसलेली, त्यामुळे प्रत्येक मोठ्या स्पीडब्रेकरला पोट घासत होतं. पंक्चर झालं असतं तर तीन चाकं एका मापाची आणि एक दुसऱ्या, असं रात्री हायवेवर यावं लागलं असतं. म्हाताऱ्या आई-बापांना घेऊन.

गाडी ठरवताना निघायच्या आधी दरवाज्याचा स्टिकर आणि चारही टायरांचे आकडे बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ओडोमीटरचा फोटो निघताना आणि परतल्यावर काढा, फोनमध्ये वाट नोंदवत ठेवा. शंका आली तर सरळ रस्त्यावर दहा-वीस दगड मोजा. शहरात किंवा घाटात जीपीएसचा हिशोब थोडा चुकतो, दगडांचा नाही. ड्रायव्हरशी भांडू नका. टायर तो विकत घेत नाही. आमच्या ड्रायव्हरनेच निघताना हळूच सांगितलं, "शेठला फोटो दाखवा."

दाखवले. शेठ आधी म्हणाला टायर कंपनीचेच आहेत, मग स्टेपनीचा फोटो पाहून म्हणाला दुकानदाराने चुकून बसवले. ८६८ रुपये त्याने लगेच परत पाठवले. टायर कधी बदलणार, याचं उत्तर अजून आलेलं नाही. सगळे फोटो आणि बिल जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. पैसे मिळाले तरी ती मी मागे घेतलेली नाही, कारण गाडी त्याच टायरांवर अजून भाडी मारते आहे.