फक्त लँडिंगचा वर्ग: पैसे वसूल, वेळ नाही

विमान चालवायचं लायसन्स काढून सहा वर्षं झाली, तरी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या 2,443 फुटी धावपट्टीवर उतरताना माझ्या तळहाताला घाम सुटतो. मार्चमध्ये तर सेस्ना 172, म्हणजे माझं छोटं विमान, टेकताना दोनदा उसळलं. शेजारी बसलेला नवरा घर येईपर्यंत गप्प होता. मग इथल्या एका क्लबचा तीन तासांचा लँडिंगचा वर्ग लावला. नाव लिहीत नाही, तक्रारही करायची आहे.

पहिला तास स्लाइड्स. प्रवासी न्यायचे तर गेल्या 90 दिवसांत 3 टेक-ऑफ आणि 3 लँडिंग झालेली हवीत, हे लायसन्सवाल्याला काय सांगायचं? डुलकीच यायची बाकी होती.

पुढचे दोन तास मात्र सोनं. हाफ मून बेच्या समुद्राकाठच्या विमानतळावर गेलो. तिथली धावपट्टी 5,000 फूट, म्हणजे चुकायला जागा. इन्स्ट्रक्टर सत्तरीचे, बोलणं मोजकं. पहिल्याच फेरीला मी 65 ऐवजी 75 नॉट (विमानाच्या वेगाचं माप) वेगाने आले. ते काहीच बोलले नाहीत! विमान जमिनीच्या दोन हात वर तरंगतच राहिलं, धावपट्टी सरकत चालली, आणि मी घाईघाईने नाक खाली दाबलं. पुढचं चाक आधी टेकलं, विमान उसळलं. तेव्हा कुठे त्यांनी कंट्रोल घेतले.

नंतर गुडघ्यावरच्या पॅडवर त्यांनी हिशेब मांडला: 75 भागिले 65, त्याचा वर्ग, 1.33. वेग 10 नॉटच जास्त, पण जिरवायची ऊर्जा एक तृतीयांशाने जास्त. त्यात नाक दाबत राहिलं की प्रत्येक उसळी आधीपेक्षा वाईट. शेवटी पुढचं चाक मोडतं, नाहीतर नाकावरचा फिरता पंखा जमिनीला लागतो.

मग एकच घोकंपट्टी: पहिली उसळी, की उतरणं सोडून परत वर. पूर्ण पॉवर, उजवा रडर (नाक सरळ ठेवणारं शेपटीचं सुकाणू), फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) 30 अंशांवरून 20. उरलेले फ्लॅप विमान वर चढू लागल्यावर, टप्प्याटप्प्याने. एकदम काढले तर विमान खाली बसतं. अकरा फेऱ्यांपैकी पाच वेळा मी उतरलेच नाही, आणि हे गृहस्थ खूश त्या पाचांवर!

तक्रार अशी: विमान 40 मिनिटं उशिरा मिळालं आणि तास मोजले बुकिंगपासून. आडव्या वाऱ्याचा सराव कबूल केलेला, पण वारा समोरून होता म्हणून नुसत्या गप्पा. हेडसेटला कुबट वास.

जाणार असाल तर उन्हाळ्यात सकाळची वेळ घेऊ नका, समुद्रावरचं धुकं तिथे रेंगाळतं. दुपारची मागा, आणि हेडसेट घरून न्या.