९ फुटी छताच्या घरच्या गॅरेजसाठी कार लिफ्ट: मी क्विकजॅक का घेतला

इकडे मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीच्या पोटाखाली नजर ठेवणं हा छंद नाही, गरज आहे. थंडी सुरू व्हायच्या आधी स्नो टायर चढवा, एप्रिलमध्ये उतरवा, मधे ब्रेक, ऑइल, खालून गंज लागू नये म्हणून कोटिंग, आणि हे सगळं ट्रॉली जॅक आणि स्टँडवर करायचं म्हटलं तर अर्धा वेळ गाडी चारही बाजूंनी उचलण्यातच जातो. त्यात २०२० मध्ये इकडच्या एका मोठ्या दुकानाने जॅक स्टँड परत बोलावले होते, भार असताना दातरा सरकून स्टँड खाली बसू शकतो म्हणून, तेव्हापासून घरातल्यांनाही मी गाडीखाली गेलो की धाकधूक. म्हणून लिफ्ट. ओळखीतले बरेच जण विचारतात कुठली घेऊ, तर एकदाच सविस्तर लिहितो. माझ्याकडे क्विकजॅक आहे, म्हणजे गाडीखाली सरकवायची आणि काम झालं की उचलून ठेवायची लिफ्ट, ७००० पाउंडवाला, आणि छोट्या गॅरेजला माझ्या मते हाच प्रकार बरोबर, पण का ते आधी वाचा, कारण तुमचं गॅरेज वेगळं असू शकतं.

सगळे जण आधी विचारतात किती वजन उचलते. मी म्हणतो आधी टेप घ्या आणि छत मोजा. माझं छत ९ फूट म्हणजे १०८ इंच. सीआर-व्ही उभी असते तेव्हाच साधारण ६६ इंच. उरले ४२. त्यातून गॅरेजच्या दरवाजाच्या ओपनरची पट्टी वजा करा, वर थोडी मोकळी जागा ठेवा, की हातात राहिले जेमतेम ३ फूट. म्हणजे दोन खांबांची लिफ्ट घ्या, चार खांबांची घ्या, काहीही घ्या, ९ फुटांत गाडीखाली उभं राहून काम करणं होणारच नाही, आणि जर झोपून किंवा बसूनच काम करायचं असेल तर त्यासाठी जमिनीत बोल्ट ठोकून खांब कशाला उभे करायचे? हा हिशोब कागदावर मांडला ना, की निम्मे पर्याय आपोआप गळतात. अजून एक गोष्ट बघा, दरवाजा उघडला की तो छताखाली आडवा येतो, मग गाडी वर असताना दरवाजा उघडता येत नाही किंवा दरवाजा वर असताना गाडी उचलता येत नाही. भिंतीवर बसणारा ओपनर लावून आणि दरवाजाचे रूळ वर चढवून घेऊन हे थोडं सुटतं, पण तो खर्च वेगळा.

एकावर एक दोन गाड्या ठेवायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी पण बेरीज करावी. खाली कॅमरी ५७ इंच, वर सीआर-व्ही ६६, मधे प्लॅटफॉर्मची जाडी ५-६ इंच, वर-खाली थोडी हवा, झाले साधारण ११ फूट. तेवढं छत असेल तर चार खांबांची लिफ्ट खरंच छान, गाडी सरळ चढवायची, चाकांवरच उभी राहते, बऱ्याच मॉडेलना जमिनीत बोल्ट लागत नाहीत. फक्त लक्षात ठेवा की चाकं प्लॅटफॉर्मवर टेकलेली असतात, त्यामुळे चाक काढायचं काम असेल तर मधे बसणारा वेगळा जॅक घ्यावा लागतो. ज्याला मुख्यतः टायर आणि ब्रेकच करायचेत त्याला हे पैसे डबल पडतात.

दोन खांबांच्या लिफ्टमध्ये कमी उंचीचे, काम झालं की बाजूला ढकलता येणारे खांब मिळतात, मॅक्सजॅक्ससारखे, आणि मला ते मनापासून आवडले होते. अडलं ते जमिनीवर. अशा लिफ्टला साधारण ४ इंच जाड आणि ३००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) ताकदीचं काँक्रीट लागतं, सांध्यापासून आणि भेगेपासून लांब. घराच्या गॅरेजची जमीन किती जाड आहे हे बिल्डरच्या कागदावरून ठरवू नका, हॅमर ड्रिलने बारीक भोक पाडा, तार वाकवून आत घाला, खालच्या कडेला अडकवा आणि वर खूण करून मोजा. एका जागी ४ निघेल, चार फुटांवर साडेतीन. आणि टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्नियावाल्यांनो, तुमच्याकडे बऱ्याच घरांत पोस्ट टेन्शन स्लॅब असतो, आत ताणलेल्या केबल, गॅरेजच्या जमिनीवर तसा शिक्काही उमटवलेला असतो. तिथे ड्रिल लावायचंच नाही, आधी इंजिनिअरला दाखवा. केबल तुटली तर स्लॅबपण गेला आणि माणूसपण.

कात्रीसारखी उघडत वर जाणारी कात्री लिफ्ट, तिचं एका ओळीत सांगतो, उंची बरी मिळते पण सगळा सांगाडा गाडीच्या बरोब्बर मधे येतो, म्हणजे एक्झॉस्ट आणि गिअरबॉक्सकडे हातच जात नाही.

आता क्विकजॅक. दोन लांब फ्रेम, एक छोटा मोटर-पंप, मधे हायड्रॉलिक पाइप. फ्रेम बंद असताना ३-४ इंच उंच, बाजूने गाडीखाली सरकवायच्या, जॅक पॉइंटखाली रबरी ठोकळे ठेवायचे, बटण दाबायचं. गाडी साधारण २१ इंच वर जाते, चारही चाकं मोकळी, मधली सगळी जागा रिकामी. काम झालं की फ्रेम भिंतीला लावून ठेवल्या, गाडी पुन्हा गाडीच्या जागी. दोन गाड्यांचं २० बाय २० चं गॅरेज, त्यात सायकली, स्नो ब्लोअर, उन्हाळ्याचे टायर, भारतातून आलेल्या रिकाम्या बॅगा, यात कायमची उभी राहणारी वस्तू मला नकोच होती.

कुठलं मॉडेल हे ठरवताना दोन गोष्टी. वजन म्हणजे शोरूमच्या कागदावरचं नाही, ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर दाराच्या चौकटीवर जो स्टिकर दिसतो त्यावरचं भरलेल्या गाडीचं कमाल वजन बघा. सिएना किंवा ओडिसीसारखी मिनीव्हॅन रिकामीच साडेचार हजार पाउंडांच्या घरात असते, तिला ५००० वाला घेऊन तुम्ही अगदी काठावर चालता. कॅमरी-सिविकला ५००० पुरेसा आहे. दुसरं म्हणजे पुढच्या आणि मागच्या जॅक पॉइंटमधलं अंतर. हे लोक मोजतच नाहीत. लांब व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या) गाड्यांना, खास करून इलेक्ट्रिक, साधी फ्रेम आखूड पडते, त्यांच्यासाठी लांब फ्रेमचं मॉडेल वेगळं येतं. टेस्लाला तर जॅक पॉइंटमध्ये बसणारे रबरी पकही (गोल चकत्या) घ्या, ठोकळा थोडा जरी आत सरकला तरी भार थेट बॅटरीवर.

जोडणी सोपी आहे पण घाई करू नका. तेल भरलं की रिकाम्या फ्रेम बऱ्याच वेळा वर-खाली करून पाइपांतली हवा काढावी लागते. हवा राहिली की एक बाजू आधी उठते आणि दुसरी मागून येते. दोन्ही बाजू बऱ्यापैकी बरोबरीने वर जायला लागेपर्यंत गाडी घालायची नाही म्हणजे नाही.

आणि उचलताना हे पाळाच. आधी फक्त टायर सुटतील इतकं वर घ्या, थांबा, चारही ठोकळे वाकून बघा, गाडीला हाताने चांगला हलवा द्या. मग वर. लॉकचा दांडा खट्ट करून पडल्याचा आवाज दोन्ही बाजूंनी ऐकू आला पाहिजे, त्यानंतर बटणाने गाडी किंचित खाली सोडून लॉकवर बसवायची. भार लोखंडावर हवा, तेलावर नाही. तेलाची सील कधी सोडेल सांगता येत नाही. खाली आणताना उलटं, आधी थोडं वर, दोन्ही लॉक हाताने सोडवायचे, मग खाली.

मिठाच्या राज्यात राहणाऱ्यांसाठी खास. सीआर-व्हीसारख्या गाड्यांना दाराखालच्या पत्र्याच्या शिवणीवर उचलतात, आणि नेमकी तीच शिवण आधी गंजते. जुनी गाडी असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्या जागी ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला आणि तपकिरी पापुद्रे हातावर पडले तर ती जागा सोडून द्या, नाहीतर ठोकळा पत्रा चिरडत वर जातो आणि गाडी तिरकी होते.

विजेचं पण बघा. मी ११० व्होल्टवाला घेतला, साध्या सॉकेटवर चालतो, पण लांब बारीक एक्स्टेंशन वायर लावू नका, मोटर दम टाकते. आणि आपल्या लोकांच्या गॅरेजमध्ये हमखास दुसरा फ्रीझर असतो, मासे, खोवलेला नारळ, आमरसाचे डबे, तो त्याच सर्किटवर असेल तर दोन्ही मिळून ब्रेकर पडू शकतो आणि गॅरेजमध्ये ते दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. फ्रीझर वेगळ्या सर्किटवर घ्या. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होऊन लिफ्ट हळू चढते, ते चालायचंच.

कमी काय आहे? २१ इंच म्हणजे पाठीवर झोपूनच काम. गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर ही लिफ्ट नाही. फ्रेम जड आहेत, कंबरेचा त्रास असेल तर उचलू नका, चाकांवर ओढत न्या. आणि दाराखालचा पट्टा फ्रेमने झाकला जातो, तिथलं कोटिंग करायचं तर मला अजूनही स्टँडच लागतात.

स्वस्तात दिसणाऱ्या इतर लिफ्ट घेणार असाल तर एएलआयचं (लिफ्टची सुरक्षा तपासून प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी संस्थेचं) प्रमाणपत्र त्या मॉडेलला आहे का ते त्यांच्याच यादीत शोधा. जाहिरातीत लिहितात की त्या मापदंडानुसार बनवलंय. त्याचा अर्थ प्रमाणित झालंय असा होत नाही. यात शे-दोनशे डॉलर वाचवू नका, खाली तुम्ही असणार आहात.

पुण्या-नाशिकला बंगला असलेले पण विचारतात म्हणून. इकडून ११० व्होल्टचा पंप नेऊ नका, तिकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. तिकडच्या वर्कशॉपच्या लिफ्ट बऱ्याचदा थ्री फेजच्या असतात, घरी सिंगल फेज असेल तर मोटर कुठली ते आधीच विचारा. आणि पोर्चमध्ये बोल्ट मारायच्या आधी खाली पाण्याची टाकी कुठपर्यंत आहे ते नक्की करा, आपल्याकडे ती पार्किंगच्याच खाली असते. फरशी असेल तर फ्रेमखाली जाड प्लायवूड टाका, नाहीतर फरशी तडकेल. गाडीखाली उतरून काम करायला जुन्या पद्धतीचा खड्डा खणायचा विचार असेल तर माझं उत्तर सरळसरळ 'नको' असं आहे. पावसात पाणी भरतं, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळाशीच साचून राहते.