आखूड नंबर प्लेट ब्रॅकेट: ८ महिने, ७,००० किमी वापरानंतर

मोटारसायकलचं मागचं मडगार्ड काढून त्याजागी नंबर प्लेट धरायला हे ब्रॅकेट बसतं. ते २.५ मिमी ॲल्युमिनियम पत्र्याचं, काळं पावडर कोटिंग, दोन तुकड्यांचं. वरचा तुकडा सीटखालच्या सबफ्रेमला (फ्रेमच्या मागच्या भागाला) चार एम६ बोल्टांनी बसतो, प्लेटचा खालचा तुकडा दोन एम६ बोल्टांवर हवा तसा कलवता येतो. गाडी एका सिलिंडरची, म्हणजे थरथर भरपूर. मत आधीच सांगून टाकतो: ब्रॅकेट टिकलंय, पण खोक्यातून आलं तसंच बसवलं असतं तर टिकलं नसतं.

खोक्यात बोल्टांबरोबर साधे नट आणि स्प्रिंग वॉशर होते. ते बाजूला ठेवून सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) आणि रुंद वॉशर लावले. आडव्या थरथरीपुढे स्प्रिंग वॉशरचा फारसा उपयोग होत नाही. जिथे नट बसत नाही, बोल्ट थेट फ्रेमच्या आट्यांत जातो, तिथे मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, तोही एकच थेंब. ते प्लास्टिकवर ओघळू देऊ नका. एबीएस जातीच्या प्लास्टिकला त्याने बारीक चिरा पडतात आणि महिन्याभराने टेललॅम्पचा बोल्ट बसवायचा कान तुटून हातात येतो.

जुनं मडगार्ड काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि सीटखालच्या सगळ्या कपलरचा (वायर जोडायच्या प्लगांचा) फोटो घ्या. मडगार्डच्या बोल्टांच्या भोकांतल्या रबरी कड्यांमध्ये, म्हणजे ग्रोमेटमध्ये, छोट्या लोखंडी नळ्या असतात, त्या हमखास मडगार्डबरोबर अडगळीत जातात. नवीन ब्रॅकेट टेललॅम्पच्या प्लास्टिकसोबत एकाच बोल्टवर येत असेल तर त्या नळ्या परत घालाव्याच लागतात. नाहीतर बोल्ट आवळताना प्लास्टिक दबत जातं आणि बोल्ट कधीच घट्ट होत नाही. धातूवर धातू असेल तिथे एम६ साठी ८ ते १० न्यूटन मीटर पुरे. नळीशिवाय प्लास्टिक मधे असेल तर ४ च्या पुढे जाऊ नका.

बोल्टची लांबीही बघा. जुने बोल्ट जाड प्लास्टिकसाठी असतात. पातळ पत्र्यावर तेच वापरले तर एकतर बंद भोकात तळाला टेकतात आणि घट्ट झाल्याचा भास होतो, किंवा उलट बाजूने १०-१२ मिमी बाहेर येतात. ती बाजू टायरची असते. त्यामुळे आरपार जाणाऱ्या बोल्टचं डोकं टायरच्या बाजूला आणि नट वरच्या बाजूला ठेवा, आणि नटाबाहेर दोन-तीन आट्यांपेक्षा जास्त काही दिसू देऊ नका.

टायरचं अंतर गाडी स्टँडवर असताना मोजण्यात अर्थ नाही. शॉकअपचा खालचा बोल्ट काढून चाक बंपस्टॉपपर्यंत (शॉकअप पूर्ण दाबल्यावर अडवणाऱ्या रबरापर्यंत) वर उचला आणि मग बघा. हे जमत नसेल तर मागचा भाग रॅचेट पट्ट्याने खाली ओढून धरा. पूर्ण दाबलेल्या अवस्थेत टायर आणि प्लेटच्या खालच्या कडेत ३० मिमी तरी हवेत. आणखी एक गोष्ट: चेन ढिली झाली की चाक मागे सरकवतो, म्हणजे प्लेटच्या जवळ नेतो. नवीन चेनवर मोजलेलं अंतर चेन संपत आल्यावर तेवढं राहत नाही.

पहिली तक्रार ६०० किमीलाच आली. कलाचे दोन बोल्ट ढिले पडून प्लेट टायरकडे झुकली. कारण सोपं आहे. तिथे भोक नाही, लांबट स्लॉट आहे, आणि सगळा भार केवळ घर्षणावर. वॉशरखालचं पावडर कोटिंग दाबाने चेपत जातं, बोल्टचा ताण उतरतो, नट जागचा हललेला नसतानाही पकड जाते. वॉशरच्या मापाचं कोटिंग खरवडून धातू उघडा केला आणि दातेरी वॉशर घातले. कल पक्का ठरल्यावर दोन्ही तुकड्यांतून एक ५ मिमी भोक पाडून तिसरा बोल्ट आरपार टाकला. त्यानंतर प्लेट जागची हललेली नाही. कल ठरवताना प्लेट आकाशाकडे तोंड करून ठेवू नका. युरोपात उभ्या रेषेपासून वरच्या बाजूला ३० अंशांपर्यंत चालतं, काही ठिकाणी नियम याहून कडक आहेत.

प्लेटचा पत्रा जेमतेम १ मिमीचा असतो. नुसत्या दोन बोल्टांवर तो पतंगासारखा फडफडतो आणि भोकापासून कडेपर्यंत चीर जाते. मागे २ मिमीचा आधारपत्रा, चारी बाजूंनी प्लेटपेक्षा ५ मिमी लहान, मधे रबरी वॉशर. प्लेट न उघडणाऱ्या स्नॅप लॉकने बसणारी असेल तर भोकं आधी रिकाम्या पुठ्ठ्यावर जुळवून बघा. लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही.

४,५०० किमीला ब्रॅकेटचा पत्रा जिथे पहिल्यांदा वाकवलाय त्या बाकाच्या आतल्या बाजूला केसासारखी रेघ दिसली. खरवडल्यावर ती कोटिंगपुरतीच निघाली, धातू शाबूत होता. रेघ धातूत असती तर तुकडा सरळ भंगारात टाकावा, वेल्डिंगच्या नादी लागू नये. ॲल्युमिनियम थरथरीने थकतच जातं, म्हणून त्या बाकाला आतून त्रिकोणी आधारपट्टी जोडली. ती कंपनीनेच द्यायला हवी होती.

वायरिंगमध्ये वेळ जातो. १० वॉटच्या बल्बऐवजी १ वॉटचे एलईडी इंडिकेटर लावले की फ्लॅशरला (इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या भागाला) बल्ब गेल्यासारखं वाटतं आणि तो भराभर उघडझाप करतो. वेगळा फ्लॅशर रिले असेल तर एलईडीसाठीचा रिले टाका, पिनांची संख्या आणि क्रम जुळवून. फ्लॅशर मीटर किंवा कंट्रोल युनिटच्या आत असेल तर रेझिस्टर. हिशोब असा: ९ वॉट कमी पडतात, १२ व्होल्टला ०.७५ अँपिअर, म्हणजे १६ ओहम. बाजारात मिळणारा १५ ओहमचा, २५ वॉटचा घ्या आणि इंडिकेटरला समांतर जोडा, दोन्ही बाजूंना एकेक. तो चांगलाच तापतो. फ्रेमच्या धातूवर स्क्रूने बसवा, केबल टायने वायरच्या जुडग्यात बांधू नका.

ब्रॅकेटच्या वायर जाण्याच्या भोकाची कड सुरीसारखी होती. कानस मारून रबरी ग्रोमेट घातला. तिथे वायर सोलली गेली तर फ्यूज उडतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच फ्यूजवर टेललॅम्प आणि मीटरचा दिवा असतो. सोबतचा प्लेट लाइट दुसऱ्या महिन्यात पाण्याने भरला. खालच्या बाजूने २ मिमीचं भोक पाडल्यावर पाणी साचायचं थांबलं. मागचा लाल रिफ्लेक्टर जुन्या मडगार्डबरोबर जातो, तो प्लेटखाली पुन्हा लावा.

पावसात खरी किंमत कळते. चिखलाची सरळ रेघ मागे बसणाऱ्याच्या मानेपर्यंत जाते. त्याहून वाईट म्हणजे मडगार्ड सीटखालची जी पोकळी झाकत होतं ती आता उघडी पडते आणि कपलरवर थेट पाणी उडतं. रबरी मॅट कापून ती जागा बंद केली, चाकाबरोबर हलणारं छोटं मडगार्ड वेगळं लावलं. रोज पावसात गाडी चालवणाऱ्याने हे ब्रॅकेट घेऊ नये.

दर वेळी चेनला तेल घालताना प्लेटचा खालचा कोपरा अंगठ्याने पुढे-मागे दाबून बघा. रबर दबल्यासारखं मऊ वाटलं तर ठीक. ‘टक’ आवाज आला तर कलाचा बोल्ट सुटायला लागलाय, तिथेच पाना लावा.