रूट (सिस्टिमचा मुख्य डिस्क विभाग) भरलंय: सुडो आरएम की ॲप्ट ऑटोरिमूव्ह?
उबुंटू लिनक्समध्ये डिस्कवरची जागा संपली की बरेच जण फाइल डिलीट करताना परमिशन डिनाइड दिसताच सुडो आरएम -आरएफ (ॲडमिनच्या अधिकाराने, न विचारता फाइल्स उडवणारी कमांड) मारून मोकळे होतात. फास्ट आहे, मान्य, पण बूट फोल्डरमधली जुन्या कर्नलची (सिस्टिमचा गाभा) फाइल हाताने उडवली तरी डीपीकेजीच्या (पॅकेजची नोंद ठेवणारं टूल) लेखी ते पॅकेज इन्स्टॉलच असतं, मग पुढे अपडेट रडायला लागतं, आणि चालू प्रोसेसने उघडून ठेवलेली लॉग फाइल डिलीट केली तर डीएफ कमांडमध्ये (ती डिस्कची जागा दाखवते) जागा तेवढीच भरलेली, सर्व्हिस रीस्टार्ट करेपर्यंत! त्यापेक्षा सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह (गरज नसलेली पॅकेजेस काढणारी कमांड) बरं, जुने कर्नल काढतं, चालू कर्नलला हात लावत नाही. डाउनलोड झालेल्या डेब फाइल्सना (पॅकेजच्या इन्स्टॉल फाइल्स) ॲप्ट क्लीन, जर्नल (सिस्टिमचा लॉग) फुगलं असेल तर जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=200एम. आरएम आपल्या होम फोल्डरमधल्या कॅशेपुरतं ठीक, तिथे सुडो लागतंय कशाला?