ऑक्सिकॉन्टिन: गोळीत दम आहे, पण सोबतचा पुरावा पोकळ

पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीची ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी 1996 साली अमेरिकेच्या बाजारात आली. आत ऑक्सिकोडोन हे अफूवर्गीय औषध, बारा तास हळूहळू सुटणारं. कर्करोगाच्या असह्य वेदनेत ती काम करते, यात वाद नाही. आक्षेप आहे तो तिच्याबरोबर डॉक्टरांच्या गळी उतरवलेल्या आकड्यावर: व्यसन लागण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी. कंपनीच्या एमआरना, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधींना, हेच पढवलेलं होतं.

अशा दाव्यांना आधार म्हणून वारंवार पुढे केलं जायचं ते 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या 10 जानेवारी 1980च्या अंकातलं पोर्टर आणि जिक यांचं लिखाण. ते उघडून वाचा. शोधनिबंध नाहीच, संपादकांना लिहिलेलं पाच वाक्यांचं पत्र आहे. रुग्णालयात दाखल असलेल्यांपैकी 11,882 जणांना निदान एकदा अफूवर्गीय औषध मिळालं. आधी व्यसन नसलेल्यांपैकी चौघांना ते लागल्याची बऱ्यापैकी नोंद सापडली. किती मात्रा, किती दिवस, घरी गेल्यावर काय झालं, याबद्दल अवाक्षर नाही. वॉर्डात नर्सच्या हातून मिळणारा डोस कुठे आणि पाठदुखीसाठी महिनोन्‌महिने घरी घेतलेल्या गोळ्या कुठे!

2017 साली या पत्राचा हवाला देणारी 608 लिखाणं तपासली गेली. 439 जणांनी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून वापरलं. 491 जणांनी रुग्ण दाखल होते हेच सांगितलं नाही. मूळ पत्र किती जणांनी वाचलं असेल, अशी शंका येतेच.

गोळीच्या माहितीपत्रकातही सुरुवातीला 'औषध सावकाश शोषलं जात असल्याने गैरवापर कमी होतो असं मानलं जातं' असं वाक्य होतं. मानलं जातं म्हणजे कशावरून? 2001 मध्ये ते काढावं लागलं. जुनी गोळी चुरडली की बारा तासांचा डोस एकदम सुटायचा. 2010 पासूनची गोळी चुरडायला कठीण आहे, पण अख्खी गिळूनही व्यसन लागू शकतंच.

काहींना बारा तास पुरत नाहीत, मग मात्रा चढत जाते. मॉर्फिनच्या मापात हिशेब दीडपटीचा: 40 मिलिग्रॅम दोनदा म्हणजे दिवसाला 120 मिलिग्रॅम मॉर्फिनइतकं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2016 मध्ये जुनाट दुखण्यासाठी याच मापात दिवसाला 50 मिलिग्रॅमला सावध व्हा, 90 शक्यतो टाळा असं सांगितलं होतं.

घरात कुणाला लिहून दिलीच, तर किती दिवसांसाठी आणि बंद कशी करायची हे पहिल्याच भेटीत विचारा. बरेच दिवस घेतल्यावर एकदम थांबवू नका, डॉक्टरांकडून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून घ्या. दारू आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर तर नकोच, श्वास मंदावतो.