बेडसोअरला ‘करंट’ देणारं मशीन घेण्याआधी हे वाचा

देवगड तालुक्यातल्या वाड्यांतून हे मशीन विकणारा माणूस पुन्हा फिरतोय असं कळलं, म्हणून लिहितेय. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर नक्की वाचा.

अर्धांगवायू झाल्यावर आमच्या आबांना माकडहाडावर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला. भरता भरेना. अशात हा दारात आला. मोबाईलवर भरून आलेल्या जखमांचे फोटो दाखवले आणि ३८ हजारांचं मशीन गळ्यात मारून गेला. आंब्याच्या कलमांच्या कराराचे आलेले पैसे त्यातच गेले. पॅड जखमेच्या कडेला चिकटवा, ड्रेसिंग बंद करा, कूस बदलायचीही गरज नाही, करंटने रक्त आपोआप फिरेल, म्हणाला. हे आठवलं की अजून संताप होतो. हाडावरच्या कातडीवर सतत दाब पडतो म्हणून तर बेडसोअर होतो! जखम खोल गेली, दुर्गंधी यायला लागली.

कणकवलीला सर्जननी काळं पडलेलं मांस काढलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मशीन बघितलं. ते टेन्स नावाचं मशीन होतं, कंबरदुखी-गुडघेदुखीसाठीचं, दोन-तीन हजारांत मिळणारं.

करंटचा उपचार खोटा नाही, हे मॅडमनीच सांगितलं, आणि म्हणूनच माणसं फसतात. न भरणाऱ्या खोल बेडसोअरसाठी विजेच्या स्पंदांचा विचार करावा, असं २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आहे. पण त्यासाठी आधी जखम साफ करतात. बहुतेक वेळा सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज जखमेत भरून त्यावर एक इलेक्ट्रोड (करंट देणारा पॅड) ठेवतात, दुसरा लांब चांगल्या कातडीवर. रोज जवळपास तासभर, आठवड्यातले ५ ते ७ दिवस, जाणकाराच्या देखरेखीखाली. हाडात जंतुसंसर्ग किंवा जखमेत कर्करोग असेल तर देत नाहीत. पेसमेकर असेल तरी नाही. त्या माणसाने पेसमेकरचं साधं विचारलंसुद्धा नव्हतं. शिवाय ठरावीक वेळाने कूस बदलणं, हवेची गादी, अंडी-डाळी-मासे, साखर आटोक्यात ठेवणं, यातलं काहीच सुटत नाही.

बिल त्याने दिलं नाही. पैसे फोनवरून पाठवले होते, त्याची नोंद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार केलीय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तुमच्याकडूनही त्याने पैसे घेतले असतील तर पाठवल्याची नोंद आणि मशीन, दोन्ही जपून ठेवा. तक्रार मिळून करू.