थेमिस की एमएमएस? चुंबकीय पुच्छातल्या सबस्टॉर्मसाठी डेटा निवडताना

चुंबकीय पुच्छावर, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सूर्यापासून दूर लांबलेल्या शेपटीवर, काम सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. थेमिस आणि एमएमएस या नासाच्या यानसमूहांच्या मोहिमा, पहिलीत पाच यानं, दुसरीत चार. डेटा दोन्हींचा खुला आहे आणि पायस्पेडास या पायथन पॅकेजमध्ये दोन्ही सारखेच सहज उतरतात, त्यामुळे सोय पाहून निवड होत नाही. तुम्हाला सबस्टॉर्म (पुच्छात साठलेली ऊर्जा अचानक सुटणं) कुठून सुरू झाला ते शोधायचंय, की रिकनेक्शनच्या (चुंबकीय रेषा तुटून नव्यानं जोडल्या जाण्याच्या) पोटात काय चालतं ते, हे आधी ठरवा.

पोटातलं पाहायचं असेल तर एमएमएसला तोड नाही. चारही यानं एकमेकांपासून काही किलोमीटर ते काही दहा किलोमीटरवर, आणि बर्स्ट मोडमध्ये, म्हणजे पूर्ण वेगानं नोंदताना, इलेक्ट्रॉनांचं मोजमाप दर ३० मिलिसेकंदांनी. ११ जुलै २०१७ ला पुच्छातल्या इलेक्ट्रॉन डिफ्यूजन क्षेत्रातून, म्हणजे रिकनेक्शनच्या अगदी गाभ्यातून, ती गेली, ते आलेख आजही बघत राहावेसे वाटतात.

पण माझं घोडं अडलं ते याच बर्स्टपाशी. पूर्ण वेगाचा डेटा यानावर साठतो, तरी त्यातला थोडाच पृथ्वीवर येतो. कोणता आणायचा हे मुख्यतः पाळीवरचे शास्त्रज्ञ कमी वेगाचा डेटा बघून ठरवतात, आणि साहजिकच ठळक घटना निवडतात. मला हवी असते ती आधीची शांत वेळ, जेव्हा विद्युतप्रवाहाचा पडदा हळूहळू पातळ होत असतो. बीझेडमध्ये (चुंबकीय क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण घटकात) बारीकशी लहर दिसते, उत्सुकतेनं बर्स्ट उघडावा, तर तो लहर ओसरल्यावर सुरू होतो! चुंबकीय क्षेत्र सलग मिळतं हे खरं, पण आयनांसाठी साडेचार सेकंदांच्या फास्ट सर्व्हेवर, म्हणजे त्या कमी वेगाच्या डेटावर, भागवावं लागतं. शिवाय बर्स्टमधल्या घटना मोजून सांख्यिकी मांडली, तर निवडणाऱ्यांची आवडही नकळत मोजली जाते. हे मला फार खुपतं.

थेमिसचे आयन स्वतःभोवतीच्या एका फेरीला एकदा, म्हणजे दर तीन सेकंदांनी. जाडंभरडं, पण फास्ट सर्व्हेच्या तासांत एकसारखं. मुख्य म्हणजे २००८ आणि २००९ च्या हिवाळ्यांत पाचही यानं साधारण दर चार दिवसांनी पुच्छात १० ते ३० पृथ्वी-त्रिज्यांदरम्यान ओळीत येत. २६ फेब्रुवारी २००८ च्या घटनेत आधी २० त्रिज्यांच्या आसपास रिकनेक्शन, दीडेक मिनिटानं अरोरा (ध्रुवीय प्रकाश) उजळला, आणि पृथ्वीजवळचा विद्युतप्रवाह त्यानंतर विस्कटला, असा क्रम मांडला गेला. त्यावर वाद झाला, तो वाचाच. पुच्छातल्या वेगवान प्लाझ्मा-प्रवाहांचे पट्टे जेमतेम दोन-तीन त्रिज्या रुंद असतात, त्यामुळे यानाला काही दिसलं नाही म्हणजे तिथे काही घडलंच नाही, असं म्हणता येत नाही. ही थेमिसची खरी मर्यादा. पुढे बाहेरची दोन यानं चंद्राकडे गेली आणि ती रांगही मोडली.

क्लस्टर ही युरोपची चार यानांची मोहीम या दोन्हींच्या मधली. २००० ते २०२४ एवढा लांब पल्ला हवा असेल तर जरूर बघा.

तुमचा प्रश्न सूक्ष्म असेल तर माझं ऐकू नका, मे ते ऑगस्ट २०१७ चा एमएमएस उघडा. नाहीतर, मला वाटतं, २००८ चा हिवाळा घ्यावा, एई निर्देशांक (अरोराच्या पट्ट्यातल्या चुंबकीय हालचालीचं माप) आधी बराच वेळ शांत असलेली एक घटना निवडावी, आणि पाचही यानांचे बीझेड एकाखाली एक लावून कोण आधी हललं ते स्वतः पाहावं.